१,१५० ग्रॅमचे बाळ छातीशी घेताना : संसर्गाची भीती आणि खरी काळजी

प्रश्न थोडक्यात असा आहे. २९ व्या आठवड्यात जन्मलेले, १,१५० ग्रॅम वजनाचे बाळ आज नऊ दिवसांचे आहे. ते नवजात अतिदक्षता विभागात असून श्वासासाठी त्याला नाकावाटे सीपॅपचा, म्हणजे सतत हलक्या दाबाने हवा देणाऱ्या यंत्राचा, आधार आहे, हाताच्या शिरेतून एक लांब बारीक नळी आत गेलेली आहे आणि आईचे दूध तोंडातून पोटात घातलेल्या नळीने थोडे थोडे दिले जात आहे. डॉक्टरांनी आईला कांगारू पद्धतीने, म्हणजे उघड्या छातीशी धरून, बाळाला घ्यायला सुचवले आहे. बाळाचे वडील विचारतात : ज्याला हात लावण्याआधी परिचारिका दर वेळी हात निर्जंतुक करतात, त्या बाळाला बाहेरून आलेल्या माणसाच्या अंगाला चिकटवून ठेवणे धोक्याचे नाही का? वजन दीड किलो होईपर्यंत थांबलेले बरे नाही का? आणि घ्यायचेच असेल, तर आईने प्रत्येक वेळी जंतुनाशक साबणाने आंघोळ करावी का?

मी नवजात अतिदक्षता विभागात २२ वर्षे परिचारिका म्हणून काम करते आहे आणि त्यातली बरीच वर्षे संसर्गाच्या नोंदी ठेवण्याचे काम माझ्याकडे आहे. त्यामुळे हा प्रश्न मला अनेक आईवडिलांनी विचारला आहे, आणि तो भाबडा मुळीच नाही. मात्र त्यात एक गृहीत दडलेले आहे, ते आधी बाहेर काढायला हवे. काचेच्या पेटीत बाळ जंतूंपासून दूर असते आणि आईच्या छातीवर आले की ते उघड्यावर येते, असे आपण मनात धरून चाललेलो असतो. वस्तुस्थिती तशी नाही. पेटी बाळाला ऊब देते, ओलावा टिकवते आणि आवाज थोडा कमी करते, पण जंतूंना अडवणारी भिंत म्हणून तिची फारशी मदत होत नाही, कारण तिला दारे आहेत आणि त्या दारांतून दिवसभर हात आत जात असतात.

कामाला लागून थोडी वर्षे झाली होती, तेव्हा एका दुपारी मी एका पेटीजवळ कागद घेऊन बसले आणि दार उघडले की एक रेघ ओढायची, असे ठरवले. दूध देण्यासाठी, लंगोट बदलण्यासाठी, सेन्सर एका पायावरून दुसऱ्या पायावर लावण्यासाठी, रक्ताचा थेंब घेण्यासाठी, क्ष-किरण तपासणीसाठी, वाजणारा अलार्म का वाजतो ते पाहण्यासाठी दार उघडत होते. दोन तासांत कागदाची एक ओळ भरली. यातला प्रत्येक हात आपले काम नीट करत होता, पण त्यातले बरेच हात दहा मिनिटांपूर्वी शेजारच्या बाळाजवळ होते. नवजात विभागात उशिरा होणारा संसर्ग, म्हणजे जन्मानंतर ७२ तासांनी दिसू लागणारा, मुख्यतः याच वाटेने येतो : एका बाळाकडून दुसऱ्या बाळाकडे, हातांवरून, उपकरणांवरून आणि शिरेतल्या नळीच्या तोंडावरून.

आता आईच्या त्वचेविषयी. कोणाचीही त्वचा निर्जंतुक नसते आणि ती तशी असण्याची गरजही नाही. बाळ जन्मल्यानंतर त्याच्या अंगावर कोणते तरी जंतू वस्ती करणारच. ते घरचे, आईच्या अंगावरचे असावेत की रुग्णालयातले असावेत, एवढाच प्रश्न उरतो. आईच्या अंगावरचे नेहमीचे जंतू बहुधा निरुपद्रवी असतात आणि साध्या प्रतिजैविकांनीही मरतात, तर अतिदक्षता विभागात टिकून राहिलेले जंतू कित्येक औषधांना दाद देत नाहीत. आई स्वतः प्रसूतीआधी कित्येक आठवडे रुग्णालयात भरती असेल, तर तिच्या अंगावरही रुग्णालयातले जंतू असू शकतात हे खरे आहे. तरीही बाळाजवळ दिवसभर एकच अंग असणे आणि पाळ्यापाळ्यांनी बदलणारे अनेक हात असणे, यांत माझी पसंती नेहमी पहिल्या पर्यायाला राहिली आहे.

अपुऱ्या दिवसांच्या बाळाची बाजू मुळातच कमकुवत का असते, हेही समजून घ्यावे. आईकडून वारेतून बाळाकडे जाणारी प्रतिद्रव्ये मुख्यतः गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत पोचतात, म्हणजे २९ व्या आठवड्यात जन्मलेल्या बाळाला त्यातला थोडाच वाटा मिळालेला असतो. त्वचेचा सर्वांत वरचा थर साधारण ३४ व्या आठवड्याच्या सुमारास पुरेसा तयार होतो. त्याआधी जन्मलेल्या बाळात ही वाढ बाहेरच्या हवेत वेगाने होते, पण तोवर त्वचा इतकी नाजूक असते की चिकटपट्टी घाईने ओढली तरी तिच्याबरोबर कातडीचा पापुद्रा निघतो आणि तिथे जंतूंना आयते दार मिळते. नव्या परिचारिकांना मी सर्वांत आधी चिकटपट्टी काढायलाच शिकवते : ओल्या कापसाने कडा भिजवायची, मग पट्टी त्वचेला समांतर, बोटाने त्वचा दाबून धरत, हळूहळू मागे दुमडत न्यायची.

अशा बाळाला आईच्या छातीवर नेमके काय मिळते? पहिली गोष्ट ऊब. बाळ थंड पडले की त्याची साखर आणि प्राणवायू अंग गरम ठेवण्यातच खर्च होतात, आणि थंड पडणारी बाळे संसर्गालाही लवकर बळी पडतात. आईची छाती स्थिर उबेचा स्रोत असते. दुसरी गोष्ट दूध. बाळ अंगाशी असले की आईला दूध अधिक येते आणि ते अधिक दिवस टिकते. पहिल्या दिवसांतल्या चिकात आणि पुढच्या दुधात आतड्याच्या आतल्या अस्तराचे रक्षण करणारी प्रतिद्रव्ये असतात. त्यातही एक बाब मला आजही विलक्षण वाटते. आई ज्या वातावरणात वावरते, तिथल्या जंतूंविरुद्धची प्रतिद्रव्ये तिचे शरीर तयार करते आणि ती दुधात उतरतात. म्हणजे आई जितका वेळ विभागात बाळाजवळ असेल, तितके तिचे दूध त्या विभागातल्या जंतूंच्या दृष्टीने तयार होत जाते. घरी बसून पिळून पाठवलेले दूधही अनमोलच असते, पण हा भाग त्यात कमी असतो. तिसरी गोष्ट म्हणजे बाळाजवळ जाणाऱ्या हातांची संख्या घटते.

या पद्धतीचा उगमच गर्दी आणि संसर्ग यांच्या अडचणीतून झाला आहे. कोलंबियातील बोगोटा येथे १९७८ च्या सुमारास डॉ. एद्गार रे सानाब्रिया आणि त्यांच्यानंतर डॉ. एक्तोर मार्तिनेस यांनी ही पद्धत वापरात आणली, तेव्हा तिथे पेट्या पुरत नव्हत्या, एका पेटीत एकाहून अधिक बाळे ठेवावी लागत होती आणि एकाचा संसर्ग दुसऱ्याला होत होता. नाइलाजाने निवडलेला उपाय पुढे अभ्यासातही टिकला. घाना, भारत, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया या पाच देशांतील रुग्णालयांत झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत १ किलो ते १.८ किलोपेक्षा कमी वजनाची तीन हजारांहून अधिक बाळे होती. एका गटात जन्मानंतर लगेच कांगारू पद्धत सुरू केली, दुसऱ्या गटात प्रकृती स्थिरावल्यावर. पहिल्या २८ दिवसांत पहिल्या गटातील १२ टक्के बाळे दगावली, तर दुसऱ्या गटात हे प्रमाण १५.७ टक्के होते. संसर्गाचा संशय येण्याचे प्रमाणही पहिल्या गटात सुमारे १८ टक्क्यांनी कमी होते. तुमच्या बाळाचे वजन याच टप्प्यात बसते. ‘दीड किलो होऊ द्या’ या सल्ल्याला या माहितीत काहीच आधार सापडत नाही. उलट थांबण्याचीच किंमत मोजावी लागते, असे ती सांगते. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२२ च्या शिफारशींत अपुऱ्या दिवसांच्या किंवा कमी वजनाच्या बाळांसाठी ही पद्धत जन्मानंतर शक्य तितक्या लवकर सुरू करावी आणि दिवसाचे ८ ते २४ तास चालू ठेवावी, असे म्हटले आहे.

इथे एक प्रामाणिक पुरवणी जोडायला हवी. त्या चाचणीत पहिल्या गटातील आया अतिदक्षता विभागातच बाळाजवळ राहत होत्या आणि त्यांची काळजीही तिथेच घेतली जात होती. त्यामुळे फायद्याचा किती भाग त्वचेच्या स्पर्शाचा आणि किती आईच्या सततच्या उपस्थितीचा, हे वेगळे करून सांगता येत नाही. माझ्या मते ते वेगळे करण्याची गरजही नाही, पण तुमच्या विभागात आईला दिवसातून एकच तास आत येऊ देत असतील, तर तितकाच फायदा गृहीत धरू नये.

परिस्थितीवर अवलंबून असलेल्या गोष्टी आता सांगते. जे बाळ स्वतःहून श्वास घेऊ शकत नाही, रक्तदाब कोसळलेल्या अवस्थेत आहे किंवा कृत्रिम श्वसनयंत्रावर आहे, त्याला लगेच छातीशी घेण्याची सर्वसाधारण शिफारस नाही. काही अनुभवी विभाग श्वसनयंत्रावरच्या स्थिर बाळांनाही देतात, पण त्यासाठी मनुष्यबळ आणि सराव लागतो. नाळेतल्या रक्तवाहिनीत नळी असेल तर काही ठिकाणी ती निघेपर्यंत थांबतात. तुमच्या बाळाचा सीपॅप आणि हातातली लांब नळी हे मात्र स्वतःहून अडथळे नाहीत. प्रतिजैविके चालू असणे हादेखील अडथळा नाही. बाळ सुस्त असेल, श्वास वारंवार थांबत असेल, तर त्या दिवसाचा निर्णय डॉक्टरांचा, आणि उद्याचा पुन्हा नव्याने.

आईच्या आंघोळीचे उत्तर सोपे आहे. रोजची एक साधी आंघोळ पुरते. प्रत्येक वेळी जंतुनाशकाने छाती पुसू नये, स्तनाग्रांना साबण लावू नये, कारण त्याने त्वचा कोरडी पडून भेगा पडतात आणि दुधाबरोबर जाणारे चांगले जंतूही धुऊन निघतात. छातीवर अत्तर, पावडर, मलम काही नसावे, केस बांधलेले असावेत, पुढून उघडणारा स्वच्छ धुतलेला अंगरखा असावा. एवढ्यावर छातीचा विषय संपतो.

सगळी कडक शिस्त हातांसाठी राखून ठेवावी. विभागात शिरताना अंगठी, घड्याळ, साखळी काढून, नखे कापलेली ठेवून, कोपरापर्यंत साबणाने हात धुवावेत. साबणाने धुण्याला ४० ते ६० सेकंद लागतात, आणि हात कोरडे पुसणे हा त्याचाच भाग आहे. त्यानंतर प्रत्येक वेळी बाळाला स्पर्श करण्याआधी अल्कोहोलचा द्रव पूर्ण वाळेपर्यंत, म्हणजे २० ते ३० सेकंद, चोळावा. ओल्या हाताने घाईत बाळाला धरले, तर द्रवाचे काम पूर्ण झालेले नसते. अंगठा आणि बोटांच्या मधल्या बेचक्या बहुतेकांच्या हातून सुटतात, माझ्याही सुटत असत.

मोबाइलबद्दल मी हट्टी आहे. आई बाळाला छातीशी घेऊन बसते, अर्ध्या तासाने फोन वाजतो, ती उजव्या हाताने तो उचलते, बोलते, बाजूला ठेवते आणि तोच हात बाळाच्या गालावर ठेवते. हे मी इतक्या वेळा पाहिले आहे की आता खुर्चीजवळच एक झाकणाचा डबा ठेवते आणि बसण्याआधी फोन त्यात टाकायला सांगते. छायाचित्र हवे असेल तर परिचारिकेला सांगावे. हातमोज्यांबद्दलही असेच. आईवडिलांना त्यांची गरज नसते, आणि मोजा घातला की आपला हात स्वच्छच आहे असे वाटून माणूस खुर्ची, पडदा, मॉनिटर, सगळ्याला तोच हात लावत जातो.

थांबायला हवे अशी आईची किंवा वडिलांची आजारपणे मोजकी, पण गंभीर आहेत. छातीवर नागिणीचे वा हर्पीसचे उघडे फोड, कांजिण्या, उपचार सुरू न झालेला फुप्फुसाचा क्षयरोग, अंगावर खरूज, यांत आधी डॉक्टरांशी बोलावे. ओठावर तापाचा फोड आला असेल, तर त्याला क्षुल्लक समजू नये. नवजात बाळाला त्या विषाणूपासून जिवाचा धोका असू शकतो. म्हणून तो सांगावा, झाकावा आणि बाळाचा मुका घेऊ नये. साधी सर्दी आईला झाली असेल, तर मास्क लावून आणि हात सांभाळून बहुतेक वेळा चालू ठेवता येते, पण सर्दी असलेल्या पाहुण्याने आत येऊच नये. स्तनाग्रावर बुरशीमुळे जळजळ आणि बाळाच्या तोंडात पांढरे डाग असतील, तर दोघांवर एकाच वेळी उपचार व्हावेत, नाहीतर संसर्ग एकमेकांकडे फिरत राहतो. सिझेरियनची जखम झाकलेली व कोरडी असली, तर ती अडथळा नाही. बाळ तिच्या वरच्या बाजूला, स्तनांच्या मध्ये उभे बसते.

माझ्या मते बसल्यानंतरच्या वेळेपेक्षा पेटीतून छातीपर्यंतचा एक मिनिट अधिक जोखमीचा आहे. तेव्हाच नळ्या ओढल्या जातात, शिरेतली नळी सरकते, जोड सुटतो, आणि सुटलेला जोड घाईत पुन्हा जोडताना त्याचे तोंड निर्जंतुक करायचे राहून जाते. म्हणून दोन परिचारिका असल्याशिवाय मी असे बाळ हलवत नाही. एक बाळ उचलते, दुसरी सगळ्या नळ्या हातात धरते, आणि बाळ स्थिरावल्यावर त्या आईच्या अंगरख्याला खांद्याजवळ पट्टीने लावते, बाळाच्या त्वचेला नव्हे. याच कारणाने एकदा घेतले की निदान एक तास, शक्यतो त्याहून बराच जास्त वेळ बसावे. पंधरा-पंधरा मिनिटांसाठी चार वेळा उचलण्यात धोका चौपट आणि फायदा थोडा. आईने बसण्याआधी खाऊन, पाणी पिऊन, लघवीला जाऊन यावे, एवढा साधा सल्ला यातला अर्धा प्रश्न सोडवतो.

बाळाला फक्त लंगोट आणि टोपी घालून, पोट आईच्या छातीला लागेल असे, हातपाय बेडकासारखे दुमडून धरावे. मान एका बाजूला वळलेली आणि किंचित वर असावी. हनुवटी छातीत रुतली तर श्वासाची वाट बंद होते. नाकावरचा सीपॅपचा भाग दाबला जात नाही ना, हे सुरुवातीला परिचारिकेने आणि नंतर अधूनमधून आईनेही पाहावे. गुंडाळण्याचे कापड आणि टोपी त्याच बाळाची असावी, दुधाने किंवा लघवीने ओली झाली की बदलावी, आणि खुर्ची एका आईनंतर दुसरीला देण्याआधी पुसली जावी. ती पुसली आहे का, हे विचारायला संकोच करू नका. आम्हाला राग येत नाही, आणि एखादीला आलाच तर येऊ द्यावा.

यातूनच आणखी एक गोष्ट साधते, जिची नोंद कोणत्याच यंत्रावर होत नाही. तासनतास अंगाशी असलेले बाळ नेहमीसारखे नाही, हे आईला आधी कळते. काही वर्षांपूर्वी एका आईने मला हाक मारून सांगितले की बाळ आज ‘जड’ लागते आहे. मॉनिटरवरचे सगळे आकडे ठीक होते. मी बाळाचा हात उचलून सोडला, तो नेहमीसारखा आखडून न जाता तसाच पडून राहिला. डॉक्टरांना बोलावले, रक्त तपासणीला पाठवले आणि त्याच संध्याकाळी उपचार सुरू झाले. संसर्गाची सुरुवात अशीच असते : बाळ ढिले पडते, दूध पचेनासे होते किंवा पोट फुगते, श्वास मधेच थांबतो किंवा मिनिटाला ६० च्या वर जातो, बगलेतले तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअसच्या बाहेर वरखाली होऊ लागते. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला ताप येईलच असे नाही, ते थंडही पडते. असे काही वाटले तर खात्री होईपर्यंत वाट पाहू नये, लगेच सांगावे.

तुम्ही स्वतः बाळाला घ्यावे का, हे तुम्ही विचारलेले नाही, पण जरूर घ्यावे. नियम तेच, आणि छातीवर केस असणे हा अडथळा नाही. मात्र घरातल्या पाच जणांनी एकेक दिवस वाटून घेऊ नये. आई, तुम्ही आणि फार तर एक ठरलेली तिसरी व्यक्ती, एवढीच माणसे या काळात बाळाच्या अंगाशी असावीत. घरच्या मोठ्यांना नाही म्हणणे अवघड जात असेल, तर आमच्यावर ढकलावे, तो नियम विभागाचा आहे असे सांगावे.

उद्याच्या राउंडला डॉक्टरांना ‘कधी घ्यायचे’ असे विचारण्याऐवजी ‘आज न घेण्याचे काही कारण आहे का’ असे विचारा. कारण असेल तर ते नेमके कळेल आणि कधी दूर होईल तेही कळेल. पहिल्यांदा घ्याल तेव्हा सुरुवातीची काही मिनिटे प्राणवायूचा आकडा खाली येईल, हृदयाचे ठोके वाढतील, कदाचित अलार्मही वाजेल. हलवण्याने बहुतेक बाळांचे तसे होते. परिचारिका शेजारी उभी असेल. दहा-पंधरा मिनिटांत आकडे हळूहळू जागेवर येतात की नाही ते ती पाहील, न आल्यास बाळाला परत पेटीत ठेवेल आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रयत्न करेल. त्या वेळात आईने फक्त मॉनिटरकडे पाठ करून बसावे आणि हात बाळाच्या पाठीवर न चोळता, न थोपटता, नुसता ठेवावा.